लिनक्सवरील पडद्याची गती

हुबळीच्या कोप्पीकर रोडसारख्या बाजारपेठेतून आणलेला जुना मॉनिटर शाळेतील संगणकास जोडला असता कधी कधी अक्षरे पुसट दिसतात. मॉनिटर आपली क्षमता केबलमार्फत संगणकास कळवीत असतो. केबल सदोष असल्यास ती माहिती पोहोचत नाही व लिनक्स कमी दर्जाचे चित्र दाखविते. तेवढ्यावरून मॉनिटर टाकून देण्याचे कारण नाही.

प्रथम माहितीपुस्तिकेत मॉनिटरची मर्यादा पाहावी. चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने रेखाटले जाते, तो आकडा तेथे हर्ट्झमध्ये दिलेला असतो. मर्यादेत बसत असल्यास एक्स-ऑर्ग प्रणालीवर ‘सीव्हीटी’ या आज्ञेस १९२०, १०८० व ६० हे आकडे द्यावेत. तिच्यातून मिळणारी आकड्यांची ओळ, म्हणजेच मोडलाइन, ‘एक्सरँडर’च्या साहाय्याने आधी नोंदवावी, मग मॉनिटरशी जोडावी व शेवटी लागू करावी. वेलँड प्रणालीवर ही रीत चालत नाही.

अधिक गतीचा मोह टाळावा. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरला त्यामुळे इजा पोहोचू शकते. पडदा काळा झाल्यास संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे पूर्वीची मांडणी परत येते. नवी मांडणी आधी पारखावी, मगच कायम करावी.