फरशीच्या कडेची मिती

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा स्थिरांक तुम्हांस ठाऊक असेल. केवळ अंकांची मांडणी बदलून व वजाबाकी करून तो निघतो. अंकांकडून आणखी एक काम करवून घेता येते : त्यांच्या साहाय्याने फरशी घडविता येते!

आलेख-कागद घ्या. मधल्या घरात ० लिहा, त्याच्या उजवीकडे १, वर २, डावीकडे ३ व खाली ४. या पाच घरांचे अधिकचिन्ह झाले. आता हे चिन्ह म्हणजेच एक घर समजून त्याच्याभोवती तशीच चार चिन्हे बसवा. मधल्या केंद्रापासून त्यांची केंद्रे अशी घ्या : दोन घरे उजवीकडे व एक वर, एक डावीकडे व दोन वर, दोन डावीकडे व एक खाली, एक उजवीकडे व दोन खाली. मध्ये कोठेही फट राहत नाही. प्रत्येक घराला दोन अंकी नाव मिळते : पहिला अंक चिन्हाचा, दुसरा त्यातील घराचा. अशी २५ घरे झाली. याच रीतीने तीन अंकी नावांची १२५ घरे मांडता येतील.

आता बाहेरच्या कडा मोजा. एका घराला ४, पाच घरांना १२ आणि पंचवीस घरांना ३६. म्हणजे दर पायरीला क्षेत्रफळ पाचपट होते व कड तिप्पट. साध्या चौरसाचे क्षेत्रफळ पाचपट केले, तर परिमिती √५ पट, म्हणजे सुमारे २.२४ पटच वाढते.

पहिले घर १ सें.मी. बाजूचे घ्या व दर पायरीनंतर आकृती √५ पट लहान करा. क्षेत्रफळ कायम १ चौ. सें.मी. राहील, परंतु विसाव्या पायरीला परिमिती १४ मीटरांहून अधिक होईल! पायऱ्या अमर्याद वाढविल्या, तर परिमितीही अमर्याद वाढेल. तरीही अशा फरश्या एकमेकींना बिनफटीच्या जुळतात.

अशी कड लांबीने मोजता येत नाही; तेथे मिती उपयोगी पडते. आकार र पट केला, की रेषा र पट व चौरस र² पट होतो. हे घातांक, १ व २, म्हणजेच त्यांच्या मिती. आपल्या कडेसाठी √५ चा कोणता घात ३ होतो? लॉगॅरिथमचे कोष्टक पाहा :

लॉग ३ ÷ लॉग √५ = ०.४७७१ ÷ ०.३४९५ = १.३६५

म्हणजे ही कड रेषेहून अधिक, पण पृष्ठभागाहून कमी! अशा आकृत्यांना मांडेलब्रॉट यांनी १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. फरशी आडवी व उभी वेगवेगळ्या पटींनी वाढत असेल, तर एकच ‘र’ उरत नाही आणि मिती काढणे पुष्कळच अवघड होते.

स्वाध्याय : एका नियमित षट्कोनाभोवती तसेच सहा षट्कोन बसवा. क्षेत्रफळ सातपट होईल. बाहेरच्या कडा मोजून मिती काढा. (उत्तर : सुमारे १.१३)