मासे तेवढेच, मग धोका टळला कसा?

प्रश्न : कॅनडातल्या कॉड माशाबद्दल वाचलं. वर्षानुवर्षं ‘धोक्यात’ असलेला साठा २०२३ साली शास्त्रज्ञांनी गणित बदलताच धोक्याच्या रेषेच्या वर आला म्हणे. समुद्रात मासे तर तेवढेच होते. मग हा नुसता आकड्यांचा खेळ नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे. पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी आपण बातम्यांत ऐकतो. तिथं पाणी डोळ्यांना दिसतं आणि पट्टीवरची खूण पक्की असते. माशांच्या बाबतीत पाणी किती हेही अंदाजानं काढायचं आणि खूण कुठं करायची हेही अंदाजानंच. न्यूफाउंडलंडच्या कॉडबाबत हलली ती खूण.

आधी मोजणी बघू. सर्वेक्षणाचं जहाज ठरलेल्या पद्धतीनं ठिकठिकाणी जाळं ओढतं. आलेल्या माशांच्या डोक्यातून कानाचा खडा काढतात. घोळ किंवा ढोमा साफ करताना पांढरा, टणक खडा हाताला लागतो ना, तोच. तो कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात आणि त्यांवरून वय कळतं. दरवर्षी कोणत्या वयाचे किती मासे आले ते मांडत गेलं, की एखादी पिढी किती झपाट्यानं घटली ते समजतं. पण त्यातले जाळ्यात किती गेले आणि उपासमारीनं किंवा सीलच्या तोंडी किती गेले, हे कुणी पाहिलेलं नसतं. अडाखा तिथं बांधावा लागतो, आणि तो चुकला की पुढचं सगळंच सरकतं.

‘जाळी भरून येतात म्हणजे मासा मुबलक आहे’ हा समज तर फारच महागात पडला. कॉड कमी झाला तरी उरलेला थव्यानं एकत्र राहतो आणि नवी यंत्रं तो थवा बरोबर शोधतात. त्यामुळे १९८०च्या दशकात ट्रॉलरना मासा मिळतच राहिला आणि साठ्याचा अंदाज फुगला. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद झाली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी ३२ वर्षं टिकली. सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं.

आता खुणेबद्दल. धोक्याची रेषा म्हणजे अंडी घालण्याजोग्या माशांचं असं वजन, की त्याखाली साठा गेला तर नव्या पिढीची भरच नीट पडत नाही. जुन्या गणितात माहिती १९८३पासूनची होती आणि १९८०च्या दशकातली सरासरी हीच रेषा धरली होती. नव्या गणितात १९५४पासूनचा इतिहास जोडला. एवढ्या लांबवर पाहिल्यावर दिसलं, की त्याहून कमी साठ्यातूनही पिल्लांची भर पडू शकते. रेषा सुमारे ३,१५,००० टनांवर आली आणि साठा ‘सावध’ पट्ट्यात गेला. मागे वळून पाहता तो २०१६पासूनच तिथं होता.

तेव्हा हा खेळ नव्हे. जास्त माहितीवर केलेली दुरुस्ती आहे. मात्र रेषा खाली आली म्हणून मासा वाढला, असं कुणी समजू नये. साठा तेव्हा रेषेच्या फार वर नव्हता आणि अंदाजात दोन्ही बाजूंना चूक असू शकते. म्हणून रेषा ओलांडल्याबरोबर जाळी मोकळी सोडायची नसतात; वर आणखी एक रेषा असते, आणि मधल्या पट्ट्यात साठा जितका खाली तितकी पकड कमी ठेवायची असते. २०२४मध्ये बंदी उठवताना १८,००० टनांची मर्यादा घातली गेली. मला तीही घाईची वाटली, जरी जुन्या पकडीपुढे ती किरकोळ दिसते : १९६८मध्ये याच पाण्यातून ८ लाख टनांवर कॉड निघाला होता.