प्रणाली विचार : अभियंत्याकडून धोरणकर्त्याकडे

‘प्रणाली विचार’ ही संकल्पना विकास-प्रशासनात रुजवण्यात विद्युत अभियंता प्रा. जे फॉरेस्टर (१९१८-२०१६) यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात पशुपालक कुटुंबात वाढलेल्या फॉरेस्टर यांनी शालेय वयातच मोटारीच्या जुन्या भागांपासून वाऱ्यावर चालणारी वीजव्यवस्था उभारली. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत स्वयंनियंत्रण यंत्रणा व संगणक यांची रचना केल्यावर १९५६ मध्ये ते तेथील व्यवस्थापन विद्याशाखेत गेले.

जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतील कारखान्यांत कधी जादा पाळ्या, तर काही वर्षांनी कामगार कपात, असे चक्र चाले. त्याचे खापर व्यापारचक्रावर फोडले जाई. फॉरेस्टर यांनी कागद-पेन्सिलीने आकडेमोड करून दाखवले की, मागणी स्थिर असली तरी भरती व मालसाठ्याचे नियमच असे चढउतार निर्माण करू शकतात. १९६१ च्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात त्यांनी ही पद्धत मांडली.

विमान चालवणे आणि विमानाची रचना करणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. व्यवस्थापन शिक्षणाने रचनाकारही घडवले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

या विचारात साठा, प्रवाह, विलंब आणि प्रत्याभरण, म्हणजे परिणामाने उलट कारणावर प्रभाव टाकणे, या चार संज्ञा कळीच्या आहेत. भाव चढला की लागवड वाढते. पीक हाती येईपर्यंत काळ लोटतो. मग आवक वाढून भाव कोसळतो. येथे दोष एकट्या शेतकऱ्याच्या निर्णयाचा नसतो. म्हणून धोरणाची पहिली कसोटी व्यक्तीला नव्हे, रचनेला लावावी लागते.