शेक संपला, कानाचं काय?

माझी कॅन्सरची गाठ नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या टोकाला होती. तिथे चाकू सहसा पोचत नाही, त्यामुळे शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन हाच उपचार. तोंड कोरडं पडेल, चव जाईल, दात सांभाळा, हे सगळं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. कानाचा विषय मात्र निघाला नाही. सहीच्या कागदावर असेलही, पण त्या अवस्थेत तो वाचतो कोण?

सुरुवातीला कानांना दडे बसले. नाकामागून कानाकडे जाणारी नळी सुजली की पडद्याआड पाणी साठतं. ते पुष्कळदा ओसरतं, माझंही ओसरलं. खरा फटका शेक संपून बराच काळ लोटल्यावर बसला. एकदा ताप बघायला थर्मामीटर लावला, पिप वाजेचना. सेल बदलला तरी तेच. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, वाजून गेला की कधीचा!" मग लक्षात आलं, रिक्षावाल्याचं ‘साठ’ मला ‘आठ’ का वाटलं होतं. आधी जातात ते बारीक, तीक्ष्ण आवाज: स, श, पाखरांची किलबिल. माणसांचं बोलणं कानावर पडतं, पण उमगत नाही. आणि घरच्यांना वाटतं, ह्यांचं लक्ष नाही.

आतल्या कानातल्या कॉक्लियाच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कॉक्लियाला सरासरी ४५ ग्रेच्या (हे शेकाच्या डोसाचं माप) पुढे डोस गेला की धोका वाढतो. सिस्प्लॅटिन सोबत असेल तर त्याहून कमी डोसलाही. म्हणून शेकाचा आराखडा तयार होत असतानाच विचारा, कॉक्लियाला किती डोस जाणार? आयएमआरटी या शेकाच्या तंत्राने तो बराच कमी ठेवता येतो. गाठच कानाजवळ असेल तर गाठीला झुकतं माप द्यायचं, यात मला शंका नाही. पण पेशंटला ते आधी माहीत हवं.

आणि पहिल्या शेकाआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ती नसेल तर शेकामुळे ऐकणं किती गेलं आणि वयाने किती गेलं, पुढे कुणालाच सांगता येत नाही. पुढेही दरवर्षी करत राहा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते आणि श्रवणयंत्राचं मार्गदर्शनही मिळतं.

तोलही आतला कानच सांभाळतो, आणि तो जाणं हा मला ऐकू न येण्यापेक्षा जास्त छळणारा प्रकार. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीघर एका बाजूला कलतं. भिंतीला दांडी बसवून घेतली, रात्री दिवा चालू ठेवतो. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका, त्यांनी मेंदूला तोल पुन्हा सावरण्याची सवय व्हायला उशीर लागतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर रोखून मान डावी-उजवी हलवण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या.

शेकलेल्या कानात कोमट तेल, लसूण, काडी, काहीही घालू नका. तिथली कातडी पातळ झालेली असते, खालच्या हाडापर्यंत जखम जाऊ शकते. मळ ईएनटीकडूनच काढवा. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटला, तर मळ असेल म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशा बहिरेपणावरचं औषध पहिल्या काही दिवसांतच लागू पडतं.