मूळ फाईल कुठे आहे?

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

चि. ओंकार यास,


हे पत्र तुझ्या आईला दाखवू नकोस. ताईला मी फोनवर सांगून टाकलंय की ओंक्या गाडीत कॉम्प्युटर बसवत नाही, कॉम्प्युटर आधीपासूनच आहे, त्यातले आकडे बदलतोय. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्याच वळणावर गेला की." मग मी पावसाचं विचारलं.

बातमी संकेतकडून कळली. साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी बसला होता आणि छाती फुगवून सांगत होता, "ओंकारदादानं ड्यूकला मॅप मारला. कुणाची तरी तयार फाईल मिळाली, मित्राची केबल होती, पार्किंगमध्येच अर्ध्या तासात काम. लिमिटर पण वर नेलाय." पुढची जिलेबी मी तशीच पानात ठेवली. तुझी मामी विचारत होती, डायबेटिसची आठवण झाली का म्हणून.

आधी एकच सांग. गाडीत पहिल्यापासून जी फाईल होती, ती काढून ठेवलीस का? बाकीचं नंतर लिही.

मॅप मारायला माझी ना नाही. मी कोण ना म्हणणारा? ज्या दुकानाच्या कमाईवर या घरात दोन लग्नं झाली, त्या दुकानात मी जन्मभर दुसरं काय केलं? डिझेल पंप खोलले, कॅलिब्रेट केले, सील मारून परत दिले. गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरवाले रांग लावायचे. "मिस्त्री, दोन ट्रॉल्या ओढायच्यात, जरा डिझेल वाढवून द्या." पंपाला मॅक्सिमम फ्युएलचा एक स्क्रू असतो, त्याला तार आणि तारेला शिशाचं सील. सील तोडायचं, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, की ट्रॅक्टर त्याच दिवशी ओढायला लागतो आणि गिऱ्हाईक चहा पाजून जातं. काळा धूर सोडत गेलेला तो ट्रॅक्टर हंगाम संपता संपता हेड उतरवायला परत येतो. म्हणून स्क्रूला हात लावायच्या आधी पंप बेंचवर चढवून, काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचं डिझेल किती पडतंय ते बघून, मूळचं माप मी खडूनं भिंतीवर लिहायचो. सातवीच्या सुट्टीत तू ते आकडे पुसून तिथं विमान काढलंस आणि घरच्यांनी तुला पाठीशी घातलं. त्या पंपाचा मालक गडहिंग्लजचा होता. त्याला काय तोंड दिलं ते माझं मला माहीत.

तुझ्या गाडीत स्क्रूच्या जागी तक्ता आहे. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडलाय, आणि प्रत्येक चौकटीत इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा त्याचा आकडा. ठिणगीचा तक्ता वेगळा, पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी प्लग पेटवायचा त्याचा. एका चालीनं गाडी चालवतोस तेव्हा सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरला, सतत खबर देतो. एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण धरून ईसीयू आपली चूक आपणच दुरुस्त करत राहतो. पण थ्रॉटल पूर्ण पिळलास की तो त्या सेन्सरचं ऐकणं सोडतो. तक्त्यात लिहिलंय तेवढंच पेट्रोल टाकतो. तिथं आकडा चुकला तर सावरणारं कुणी नाही. आणि तू तर तो सेन्सरही बंद करून टाकलास म्हणे! खरं आहे का हे?

ती तयार फाईल कुठल्या देशात, कुठल्या पेट्रोलवर बनली हे विचारलंस? आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्यातलं कितीतरी आपल्याकडच्या साखर कारखान्यांतूनच जातं, टँकर रोज दुकानावरून जाताना बघतो. इथेनॉलच्या अंगात मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं. साध्या पेट्रोलवर बेतलेला आकडा इथं तोकडा पडतो, मिक्स्चर लीन होतं, आणि तेही नेमकं पूर्ण थ्रॉटलला, जिथं इंजिनाला थंड ठेवायला थोडं जास्तीचंच पेट्रोल हवं असतं. वर ठिणगीही आणखी आधी ओढलेली. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो हे मला शिकवू नकोस. ऑक्टेन वाढला म्हणून लीन इंजिन गार होत नाही.

बबनकाकाच्या आरएक्स १००चा पिस्टन अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यानं सायलेन्सर बदलला, एअरबॉक्सला भोकं पाडली आणि कार्ब्युरेटरचा जेट होता तोच ठेवला. आंबा घाटाच्या चढाला फुल थ्रॉटलवर इंजिन जाम झालं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. पिस्टनच्या कडेला उभे ओरखडे आहेत, अल्युमिनियम बोरला चिकटून फाटलंय, त्यात रिंगा रुतून बसल्यात, नखानंही निघत नाहीत. प्लगचं चिनी मातीचं टोक कॉफीच्या रंगाचं हवं, ते पांढरंफटक होतं. आरतीला बबनकाका डावा हात खांद्याच्या वर नेत नाही, तो का ते तुला माहीत आहे. फोर स्ट्रोक असा पटकन जाम होत नाही म्हणशील. कबूल. तो जरा उशिरा हिशोब मागतो, आणि तोवर तू कुठल्या वळणावर असशील कोण जाणे.

लिमिटरचंही सांगतो. आरपीएम पाच टक्के वाढला तर कनेक्टिंग रॉडवरचा ओढा दहा टक्क्यांनी वाढतो, कारण तो वर्गाच्या हिशोबानं चढतो. कंपनीच्या मापानं या गाडीची ४३.५ पीएस ताकद ९००० आरपीएमला मिळते. त्याच्या वर ताकद उतरणीला लागते, नुसता आवाज वाढतो. मग तिथं जाऊन करायचंय काय? संकेतला ऐकवायचंय?

कायद्याचं लिहिणार नव्हतो, पण ताईनं विचारलंय. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१९ साली तेच बजावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. तक्त्यातले आकडे आरसीवर नसतात असा वाद तू घालशीलच. घाल, पण इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी आरसी बघत बसत नाही, तो कारण शोधत असतो. वॉरंटी तर गेलीच समज.

आणि ती मूळ फाईल. काही केबलींनी ईसीयूवर फक्त लिहिता येतं, आतलं वाचून बाहेर काढता येत नाही, असं आपल्या इथला स्कॅनरवाला पोरगा सांगत होता. तुझी तसली नाही ना? लिहिता लिहिता बॅटरी उतरली तर ईसीयू अर्धवट राहतो आणि गाडी सुरूच होत नाही, हेही तोच म्हणाला. चार्जर लावला होतास की पार्किंगमध्ये तसंच? पुसायच्या आधी लिहून ठेवावं, एवढी एक गोष्ट माझ्या दुकानात राहून तू शिकला असशील असं मी धरून चाललो होतो.

रागावून लिहितोय हे मला कळतंय. आमच्या वेळी मद्रासजवळ शोलावरमला जुन्या विमानपट्टीवर शर्यती व्हायच्या. १९८६ साली बबन आणि अजून दोघे बघायला निघाले. मला नुसतं बघायचं नव्हतं, तिथल्या एखाद्या मेकॅनिकच्या हाताखाली राहता येतं का ते विचारायचं होतं. आमचे आप्पा जेवत होते. "नाही" म्हणाले आणि ताक मागितलं. का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो राग मी बरीच वर्षं धरला. ते अंथरुणाला खिळले तेव्हाही कधीतरी विचारू म्हणत राहून गेलं. कदाचित कारण साधंच असेल, भाड्याला पैसे नसतील. आज तुला लिहायला बसलो तेव्हा पहिल्या कागदावर मोठ्या अक्षरात "हे सगळं बंद कर" एवढंच लिहिलं होतं. तो कागद फाडला. म्हणून ही एवढी कारणं.

आणि तुझंही अगदीच चूक नाही. कंपनीचा मॅप म्हणजे तडजोड असते. लडाखच्या विरळ हवेपासून कन्याकुमारीच्या दमट हवेपर्यंत एकच तक्ता, त्यात बीएस-६चं प्रदूषणाचं बंधन. मोठा सिंगल सिलिंडर खालच्या आरपीएमला झटके देतो, ट्रॅफिकमध्ये जीव नको होतो, आणि चांगल्या ट्यूनिंगनं तो त्रास कमी होतो हे मी मानतो. ताकद म्हणशील तर नुसत्या मॅपनं दोन-चार हॉर्सपॉवर मिळाली तर खूप झाली. पण ते काम तुझ्याच गाडीवर, तुझ्याच पेट्रोलवर, डायनोला बांधून, सायलेन्सरला वाइडबँड सेन्सर लावून करणाऱ्याकडे कर. तो आधी आहे त्या स्थितीतली गाडी मोजतो. पहिला आकडा न घेता दुसरा दाखवणाऱ्याला पैसे देऊ नकोस. तोवर गाडी पहिल्यासारखी कर. फाईल नसेल तर तसं सांग, मी ओरडणार नाही. सर्व्हिस सेंटरला जाऊन कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकून घेता येतं का बघू, काय चार शब्द ऐकावे लागतील ते दोघं मिळून ऐकू.

वेगाची हौस भागवायची तर श्रीपेरंबुदूरजवळ आता पक्का ट्रॅक आहे, तिथं शिकवणीही चालते. नाव घाल, फी मी भरतो. जॅकेट आणि ग्लोव्हजचे पैसे तुझ्या खात्यावर टाकलेत, त्यांचा सायलेन्सर घेऊ नकोस. मीही येईन म्हणतो. कठड्याशी उभा राहीन, मध्ये बोलणार नाही. संध्याकाळी मात्र लॅपटॉप उघडून तो तक्ता मला समजावून सांग. आम्ही स्क्रूवर आयुष्य काढलं, चौकटी मला नीटशा दिसतही नाहीत. मामीला अजून बोललो नाही. ती इडलीसाठी येतेच म्हणेल, येऊ दे.

शनिवारी ये. गाडीवर येऊ नकोस असं लिहिणार होतो, पण तू ऐकायचा नाहीस आणि मलाही ती एकदा बघायचीय. उजेड पडल्यावर नीघ. नवले पुलाच्या पुढच्या चढाला ट्रकच्या मागे राहू नकोस, आणि खंबाटकी ओलांडलीस की एक फोन कर. मी उचलला नाही तर दुकानात यंत्राचा आवाज असेल, परत कर. आलास की आधी जेव. इंजिन गार झालं की टाकी उतरवून प्लग काढू. तुझे डोळे चांगले आहेत, रंग कसा आहे ते तूच सांग.

तुझा,
मामा