दूरस्थ पाठ आणि घरातले हात : विशेष गरजा असलेल्या बालकांच्या शिक्षणाचे नियोजन

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, तपासण्या व औषधोपचार यांचा वृत्तांत वाचण्याची आपणांस सवय आहे. पाठनियोजनावरील लेख त्यात कदाचित अनपेक्षित वाटेल. परंतु ज्या बालकास सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता अथवा श्रवणदोष आहे, त्याच्या बाबतीत उपचार कोठे संपतो आणि शिक्षण कोठे सुरू होते, अशी रेघ ओढता येत नाही. ताठ बसणे, हाकेला ओ देणे, घास तोंडापर्यंत नेणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे हेच त्याचे पहिले धडे होत.

हे धडे आठवड्यातून एकदा रुग्णालयात गिरवून पक्के होत नाहीत. ते रोज गिरवावे लागतात. दूरच्या गावातील कुटुंबास मात्र रोज येणे अशक्य असते. एका भेटीपायी घरातल्या मोठ्या माणसाची दिवसभराची मजुरी बुडते, एसटीच्या गाड्या बदलाव्या लागतात आणि प्रवासाने थकलेले मूल उपचारकक्षात डोळे मिटून घेते. सरावाअभावी, महिनाभरात कमावलेले कौशल्य पुढच्या महिन्यात हातचे निसटते. दोन भेटींमधील दिवस रिकामे जाऊ नयेत, यासाठी दूरस्थ पाठाचे प्रयोजन आहे.

पूर्वपीठिका

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, विशेष शाळा बंद झाल्या आणि दूरस्थ शिक्षण हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यामुळे ही पद्धत मोबाइलबरोबर जन्मास आली, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः ती बरीच जुनी आहे. अमेरिकेतील लुईस ट्रेसी यांचा मुलगा जन्मतः कर्णबधिर होता. त्यांनी १९४२ मध्ये लॉस एंजेलिस येथे कर्णबधिर बालकांच्या पालकांसाठी जॉन ट्रेसी क्लिनिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी तेथून पालकांसाठी विनामूल्य पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाला. पाठ टपालाने जात व पालकांची उत्तरे टपालानेच येत.

दुसरे उदाहरण पोर्टेज प्रकल्पाचे. विस्कॉन्सिन राज्याच्या ग्रामीण भागात, जेथे घरे एकमेकांपासून दूर व विखुरलेली होती, तेथे १९६९ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाई, मोजक्या कृती निश्चित करी, त्या करून दाखवी आणि लिखित तक्ता ठेवून परते. उरलेले दिवस पालक शिकवीत व नोंद ठेवीत. ही पद्धत पुढे अनेक देशांत पोहोचली. भारतातही तिचा वापर झाला.

या दोन्ही प्रयत्नांत पडदा नव्हता, तरी शिक्षण झाले. कारण दोन्हींनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. दूरस्थ पाठात शिक्षकाचा हात मुलापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो आईचा, आजीचा किंवा थोरल्या बहिणीचा. म्हणून पाठाची आखणी त्या हातांसाठी करावयाची असते. पडदा, फोन वा कागद ही केवळ वाहने होत.

लक्ष्य लहान असावे

'स्वावलंबन वाढविणे' हे लक्ष्य कागदावर शोभते, परंतु ते वाचून सकाळी सात वाजता नेमके काय करावे, हे आईस कळत नाही. याउलट 'ताटातील पोळीचा मोडलेला तुकडा स्वतः उचलून तोंडापर्यंत नेईल. पाचपैकी चार वेळा, सलग तीन दिवस' असे लिहिले की कृती, तिचे मोजमाप व पूर्णतेची खूण या तिन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

त्यानंतर कृतीचे टप्पे पाडावेत. चड्डी घालण्याचेच पाहू. एक पाय घालणे, दुसरा पाय घालणे, गुडघ्यापर्यंत ओढणे, मांडीपर्यंत ओढणे आणि कमरेपर्यंत नेणे, असे त्याचे पाच टप्पे होतात. अनेक मुलांना हे उलट्या क्रमाने शिकविणे सोपे जाते. पहिले चार टप्पे आईने करावेत व कमरेपर्यंतची शेवटची ओढ मुलाने द्यावी. काम आपल्या हातून पुरे झाले, हा आनंद त्यास पहिल्याच दिवशी मिळतो. ते जमले की शेवटचे दोन टप्पे त्याचे, मग तीन.

मदतीचीही पायरी लिहून द्यावी लागते. प्रथम हातावर हात ठेवून, मग केवळ कोपराला स्पर्श करून, मग खुणेने, मग शब्दाने आणि अखेरीस मदतीविना. ही उतरंड लिहिलेली नसेल, तर प्रेमापोटी घरातील माणसे सारे स्वतःच करून टाकतात आणि मूल पाहत राहते.

साहित्य घरातले, भाषा घरातली

महागड्या खेळण्यांवर बेतलेला पाठ ते खेळणे नसलेल्या घरात निरुपयोगी ठरतो. वाटी-चमचा, कपडे वाळत घालण्याचे चिमटे, डब्यांची झाकणे, गुंडाळलेली गोधडी एवढ्या सामग्रीवर पुष्कळ पाठ उभे राहतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे पाय अधांतरी लोंबत असतील, तर त्याचे सारे बळ तोल सांभाळण्यात जाते व हात मोकळे राहत नाहीत. पायांखाली पाट आणि बाजूंना गोधडीचा आधार मिळाला की तोच हात चमच्याकडे वळू शकतो. म्हणून अशा मुलाच्या पाठाची पहिली ओळ बैठकीविषयी असावी.

स्वमग्न मुलास पुढे काय होणार हे आधी दिसले तर ते शांत राहते. त्याच्याच घरातील वस्तूंची छायाचित्रे ओळीने लावून दिवसाचा क्रम दाखवावा व पाठ कोठे संपतो याची ठळक खूण ठेवावी.

भाषेचेही तसेच. घरात अहिराणी, वऱ्हाडी वा कोंकणी बोलली जात असेल, तर पाठातील शब्दही त्याच बोलीतले हवेत. शब्द शिकण्यास आधीच कष्ट पडणाऱ्या मुलावर पुस्तकी मराठीचा दुसरा भार टाकणे योग्य नव्हे.

दूरध्वनीच्या मर्यादा

माध्यमाचे गुणदोष जाणल्याखेरीज नियोजन फसते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलासाठी डॅनियल लिंग यांनी सुचविलेली सहा ध्वनींची चाचणी रोज करावी, असे सांगितले जाते. आ, ऊ, ई, श, स व म हे ध्वनी तोंड झाकून उच्चारावयाचे आणि मुलास ते ऐकू आले की नाही हे पाहावयाचे. यंत्र नीट चालते की नाही, हे त्यावरून घरच्या घरी कळते. ही चाचणी शिक्षिकेने फोनवरून घेऊ नये. साध्या दूरध्वनीवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज वाहतो, तर 'स'चा बराचसा नाद त्याहून वर असतो. फोनवर 'स' ऐकू न आल्यास दोष कानाचा, यंत्राचा की तारेचा हे ठरविता येत नाही. शिक्षिकेने आईस चाचणी शिकवावी आणि ती आईने मुलाजवळ बसून घ्यावी.

थेट दृक्‌श्राव्य तासाबाबतही हाच विवेक हवा. कित्येक घरांत फोन एकच असतो व तो दिवसभर कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. तेव्हा ठरावीक वेळेच्या तासापेक्षा सायंकाळी पाहता येईल अशी एक-दोन मिनिटांची चित्रफीत व सोबत कागदी तक्ता अधिक उपयोगी पडतो.

जे दुरून करू नये

काही गोष्टी दूरस्थ पाठात घालूच नयेत. ठसका लागणाऱ्या मुलाच्या आहारात बदल, नव्याने सुरू करावयाचे ताण देण्याचे व्यायाम, झटके वाढले असता औषधातील फेरफार यांसाठी प्रत्यक्ष तपासणीच हवी. मुलास आडवे झोपवून भरवू नये, ही सूचना तर प्रत्येक तक्त्यावर ठळक अक्षरांत असावी.

मुलाच्या प्रतिष्ठेचा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा. स्नान, शौच वा कपडे बदलतानाचे चित्रीकरण मागवू नये. तेथे आईने तोंडी सांगितलेली प्रगती पुरेशी मानावी. इतर चित्रफिती पालकांच्या संमतीनेच घ्याव्यात व काम होताच पुसून टाकाव्यात.

आईचा वेळ

स्वयंपाक, पाणी, शेत आणि इतर मुले सांभाळणाऱ्या आईच्या दिवसात तासाभराचा पाठ मावत नाही. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे, तीही जेवण, स्नान व कपडे यांच्यात मिसळलेली, एवढीच मागणी रास्त होय. तक्त्यावर तीन-चार दिवस प्रगती दिसली नाही, तर टप्पा मोठा झाला असे समजून शिक्षिकेने तो आणखी लहान करावा. 'घरी करून घेत नाहीत' असा ठपका ठेवल्याने तक्ता खोटा भरला जातो आणि आई हळूहळू फोन उचलणे सोडते. मग त्या मुलाकडे जाणारी वाटच बंद होते. म्हणून आठवड्यातील ठरलेल्या दूरध्वनीचा पहिला प्रश्न आईच्या प्रकृतीविषयी असावा आणि दुसरा तक्त्याविषयी.

कायदा आणि आपला सहभाग

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बहुविध अथवा तीव्र दिव्यांगता असलेल्या बालकास गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने किमान ४० टक्के दिव्यांगता प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शालेय पुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्यासाठी एनसीईआरटीने ऑक्टोबर २०२० मध्ये करार केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु पुस्तकापर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्या मुलास अजून बसणे, मागणे व 'नको' म्हणणे शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी प्रत्येक पाठ स्वतंत्रपणे लिहावा लागतो. एका मुलाचा तक्ता दुसऱ्यास लागू पडत नाही.

देणगीदारांनी हे ध्यानी घ्यावे, ही विनंती. या कार्यात यंत्रांवरील खर्च तुलनेने थोडा असतो. खरा खर्च भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या शिक्षिकेच्या वेळेचा असतो. पाठ लिहिणे, चित्रफीत पाहणे, दूरध्वनी करणे व तक्ता बदलणे यांत तो वेळ जातो. हा वेळ कोणत्याही इमारतीच्या कोनशिलेवर दिसत नाही. पालकांना एवढेच सांगावयाचे, की तक्त्यातील रिकामा रकाना पाहून संकोच करू नये; तोही शिक्षिकेस काही सांगतच असतो. तक्ता जसा असेल तसा पुढील भेटीस घेऊन यावा. पुढचा पाठ त्यावरूनच लिहिला जाईल.