दूरचित्रवाणीच्या चित्रातील दोष : कारण शोधण्याची रीत



आपल्या जिल्ह्यातील बऱ्याच प्राथमिक शाळांतून आता दूरचित्रवाणी संच आलेले आहेत. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’सारख्या पाठमालेमुळे हे केवळ करमणुकीचे साधन नव्हे, ही गोष्ट पालकांनाही पटली. परंतु संच आला की त्याबरोबर तक्रारीही येतात. हलणाऱ्या वस्तूमागे शेपूट दिसते, अक्षरांना सावली पडते, चित्राचे चौकोनी तुकडे होतात. अशा वेळी संच झाकून ठेवणे किंवा दुरुस्तीवाल्यास बोलावणे हे दोनच मार्ग आपणांस सुचतात. या दोहोंच्या आधी करावयाचे एक काम आहे. ते म्हणजे दोष नेमका कोठे उत्पन्न होतो याचा शोध घेणे. त्याची रीत येथे दिली आहे.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरील शाळेस मी भेट दिली. ग्रामस्थांनी वर्गणी काढून नवा संच घेतला होता. त्यावर लेझमीची चित्रफीत लावली असता मुलांच्या हातांमागे धुरकट माग उमटत होता. मी फारसा विचार न करता शेरेबुकात “संच सदोष आहे” असा शेरा लिहिला. त्याचा परिणाम माझ्या ध्यानी आला नव्हता. ज्या गृहस्थांनी पुढाकार घेऊन संच आणला होता, त्यांनी हलका माल आणला अशी कुजबूज गावात सुरू झाली आणि संच महिनाभर चादरीखाली पडून राहिला.

पुढील भेटीत तीच चित्रफीत पुन्हा लावली. चौथीतील एक मुलगा म्हणाला, “साहेब, चित्र थांबवलं की शेपूट जाते.” त्याचे म्हणणे खरे होते. माग चित्रफितीत नव्हता, आणि काचेचा पडदाही बिघडलेला नव्हता. संचाच्या मांडणीत चित्रातील खरखर कमी करणारी ‘नॉईज रिडक्शन’ नावाची सोय सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलेली होती. ती बंद करताच लेझीम स्वच्छ दिसू लागली. मी पहिला शेरा खोडून त्याखाली दुसरा लिहिला व तो ग्रामस्थांसमोर वाचून दाखविला. जे निरीक्षण त्या मुलाने केले, ते मी केले नव्हते.

पूर्वीच्या सावल्या

चित्रातील दोष ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील चाळींच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले. सर्वांची तोंडे वरळीच्या मनोऱ्याकडे असत. आमच्या लहानपणी डोंबिवलीत एकाने गच्चीवर अँटेना फिरवावा, दुसऱ्याने खिडकीतून “मुंग्या गेल्या, पण डबल दिसतंय!” असे ओरडावे, हा नित्याचा प्रकार होता.

त्या ‘डबल’ चित्राचे कारण सोपे होते. वरळीहून निघालेली लहर एकदा सरळ घरी येई, आणि तीच लहर एखाद्या डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून किंचित उशिरा पुन्हा येई. त्या काळच्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या रेषांचे असे व एका रेषेचा दृश्य भाग सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांच्या हिशोबाने ५२ भागांत, रेखला जाई. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. आपटून येणाऱ्या लहरीस ६०० मीटरचा वळसा पडला, तर दुसरे चित्र पडद्याच्या रुंदीच्या सुमारे सव्विसाव्या भागाने उजवीकडे सरके. पडदा ४० सेंटिमीटर रुंद असेल, तर ही सावली दीड सेंटिमीटरवर पडे. संच निर्दोष, केंद्रही निर्दोष, दोष वाटेत होता. म्हणूनच अँटेनाची दिशा बदलली की तो कमी होई.

आता तबकडी किंवा केबलद्वारा अंकीय पद्धतीने चित्र येते. त्यामुळे ही सावली गेली, तथापि दोषाची वाट शोधण्याची गरज गेलेली नाही.

चार प्रश्न

दोष दिसताच पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्यास गुण कशाने आला हे कळत नाही.

१. दोष कोणाकोणास दिसतो? तो सर्वांस दिसत असेल तर पुढे जावे. एकाच मुलास अक्षरे दुहेरी दिसत असतील, तर दोष संचात नसून दृष्टीत असण्याचा संभव आहे. अशा मुलास “नीट बघ” म्हणून दटावू नये. त्याचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास द्यावे व पालकांस कळवावे. चष्म्याने सुटणारी अडचण कित्येकदा ‘अभ्यासात कच्चा’ या शेऱ्याखाली दडून राहते.

२. संचाच्या स्वतःच्या मेनूवरही दोष दिसतो काय? मेनू संचातच तयार होतो. त्यावरही उभी रेघ किंवा डाग दिसल्यास दोष पडद्याचा अथवा आतील भागाचा आहे. मेनू स्वच्छ असेल, तर दोष बहुधा बाहेरून येत आहे.

३. दुसरीकडून चित्र दिल्यास काय होते? पेनड्राइव्हवरील चित्रफीत लावावी. ती स्वच्छ दिसली तर तबकडी, केबल, सेटटॉप बॉक्स व जोडणीची तार एकेक करून पाहावी.

४. चित्र थांबविल्यावर दोष राहतो काय? राहिला तर तो बहुधा मूळ चित्रातच आहे. नाहीसा झाला तर तो संचाने किंवा आपल्या डोळ्याने निर्माण केला आहे.

हलत्या चित्रामागील माग

मागाची मुख्य कारणे तीन. पहिले कारण वर आलेच आहे. खरखर घालविण्यासाठी संच लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढतो. स्थिर फळ्यास ती मानवते, पण हलणाऱ्या हाताचे मागील स्थान नव्या चित्रात मिसळते. ही सोय बंद करावी. दोन चित्रांच्या मध्ये संचाने स्वतः कल्पिलेले चित्र घालण्याची ‘मोशन’ नावाची सोयही काही संचांत असते. तिच्यामुळे धावत्या खेळाडूभोवती वेडेवाकडे वलय दिसते. तीही बंद करून पाहावी.

दुसरे कारण पडद्यातील द्रवस्फटिकांचे. प्रकाश अडविण्यासाठी वा सोडण्यासाठी त्यांस वळावे लागते व त्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. काळ्याकडून करड्या रंगाकडे जाताना काही पडदे अधिक रेंगाळतात. हा पडद्याचा स्वभाव होय, बिघाड नव्हे.

तिसरे कारण आपल्या डोळ्याचे. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या संचावर प्रत्येक चित्र एक-साठांश सेकंद जागीच थांबते, डोळा मात्र चेंडूमागे सरकत राहतो. मीटरभर रुंदीचा पडदा चेंडूने एका सेकंदात ओलांडला, तर सुमारे दीड सेंटिमीटरचा पुसटपणा डोळ्यातच तयार होतो.

स्थिर अक्षरांभोवती पांढरी कड दिसल्यास ‘शार्पनेस’ कमी करावा.

चित्राचे चौकोन

अंकीय प्रक्षेपणात प्रत्येक वेळी पूर्ण चित्र पाठविले जात नाही. बराच काळ केवळ बदललेला भाग पाठविला जातो. मधला मजकूर हरवला, तर जुना तुकडा पडद्यावर राहतो व हलणाऱ्या वस्तूबरोबर फरफटत जातो. पुढचे पूर्ण चित्र आले की तो सुधारतो. जोराच्या पावसात असे होणारच, कारण तबकडीकडे येणाऱ्या सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात. पाऊस थांबूनही चौकोन राहिले, तर तबकडी वाऱ्याने हलली आहे काय, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत एखादी फांदी तिच्या आड आली आहे काय, हे पाहावे. दूरदर्शनच्या फ्री डिशची तबकडी आपल्या भागात आग्नेयेकडे तोंड करून असते. त्याच दिशेची फांदी अडसर होते.

काय करू नये

संचाची पाठ कोणीही उघडू नये. बटण बंद केल्यावरही आतील काही भागांत विद्युतभार शिल्लक राहतो. मुलांस छपरावर चढवू नये. ओल्या हाताने तारा हाताळू नयेत. पडदा ओल्या फडक्याने पुसू नये.

वर्गासाठी पाठ

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात हा विषय सहज बसतो. अंधाऱ्या खोलीत शिक्षकांनी पेटती उदबत्ती गोल फिरवावी. मुलांस ठिपक्याऐवजी कडे दिसेल. नंतर उदबत्ती स्थिर धरून विचारावे : कडे कोठे गेले? ते कशात होते? त्यानंतर संचावर वरील चार प्रश्न मुलांकडूनच सोडवून घ्यावेत. वहीत तीन रकाने आखावेत : काय दिसले, काय बदलले, नंतर काय दिसले. ‘मला वाटते’ याला चौथा रकाना देऊ नये. तो शेवटी तोंडी विचारावा.

संच आज ना उद्या जुना होईल. पण आधी नीट पाहावे, मग एकच गोष्ट बदलून पाहावी आणि त्यानंतरच दोष कोणाचा ते ठरवावे, ही सवय मुलांस लागली तर ती त्यांच्याजवळ राहील. आपल्या शेरेबुकांनाही तिची गरज आहे.